शेंड्याचा मणी

मी लिहिलेल्या कॅटलॉगची पानं पाटील डुगडुगणाऱ्या पेट्यांखाली पाचर म्हणून घालत असत. चार घड्या घालून, नीट दाबून. पहिल्यांदा मला ते दिसलं तेव्हा मी संतापाने लाल झाले. बहारीनच्या मीना सलमान बंदरावरच्या त्या गोदामात कंपनीने मला नुकतंच आणून बसवलं होतं. वाइनच्या बाटल्यांबद्दल गोड गोड इंग्रजी लिहायचं, एवढंच माझं काम. पुण्याहून इंग्रजीत एम.ए. करून आलेली बाई मी, आणि हा स्टोअरकीपर माझी पानं लाकडाखाली कोंबतोय!

"अहो पाटील, हे वाचायला दिलं होतं मी तुम्हाला," मी म्हटलं.

"वाचलं की," पाटील खाली वाकलेलेच होते. "कागद चांगला हाय. जाडजूड. मजकुराचं म्हणाल, तर तुमी लिवलंय की ह्या दारूला पावसात भिजलेल्या घोड्याच्या खोगिराचा वास येतो. तुमी कदी घोडं बघितलंय का?"

बघितलं होतं. माथेरानला. पण ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

दत्तात्रय पाटील तासगावचे. घरची द्राक्षबाग, बेदाण्याची शेड. धाकटा भाऊ बाग बघायचा आणि हे एकवीस वर्षं बहारीनमध्ये थंड गोदामात. वय अठ्ठावन्न, अंगावर उन्हाळ्यातसुद्धा विटकं स्वेटर, कानावर पेन्सिल. आयुष्यात त्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता. त्यामागे धर्म नव्हता की व्रत नव्हतं. निव्वळ तुच्छता होती. "द्राक्षं खायची असत्यात, मॅडम. पितो त्येला दात नसत्यात," असं ते म्हणत, आणि पिणाऱ्यांच्या जिवावर आपण सगळे जेवतो हे कुणी सुनावलं, तर "म्हणून काय त्येंच्या पाया पडू?" असं विचारत.

बाटलीतलं त्यांना सगळं कळायचं ते बाहेरून. बुचावर अंगठा फिरवायचे, बाटली दिव्यासमोर धरायचे, फुटलेल्या बाटलीचा वास घ्यायचे. बस्स. आमचे सेल्स मॅनेजर कुलकर्णी मात्र दुबईला दोन दिवसांचा कोर्स करून आलेले. तिथे मिळालेला बिल्ला कोटाला लावून हिंडायचे, मुलीच्या वाढदिवसालासुद्धा. मुलुंडचा माणूस, पण वाइनबद्दल बोलायला लागला की ओठांचा चंबू करून कुठल्या तरी तिसऱ्याच देशाच्या इंग्रजीत बोलायचा. पेला इतका गरगर फिरवायचा, की शेजारी उभं राहायची सोय नसायची. पाटील लांबून बघत आणि मला म्हणत, "घाण्याचा बैल बरा. त्येच्या फिरण्यानं तेल तरी निगतंय."

आमच्या इथल्या मराठी मंडळींना पाटलांची भारी अडचण व्हायची. गणपतीत एका बँकवाल्यांच्या बाईंनी प्रसाद घेता घेता विचारलं, "तुम्ही कुठे असता हो?" पाटलांच्या बरोबरीचे लोक अशा वेळी 'कोल्ड स्टोरेजला' म्हणून वेळ मारून नेतात. पाटील खणखणीत आवाजात म्हणाले, "दारूच्या गोदामात. तुमच्या साहेबांची पेटी गेल्या गुरुवारी मीच गाडीत ठेवली." बाईंच्या हातातला मोदक हातातच राहिला. नवरा घाईघाईने आरतीचं ताट शोधायला लागला. मी हसू दाबत होते, पण खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मीही माझ्या सासूबाईंना 'फूड इम्पोर्टची कंपनी' असंच सांगितलेलं होतं.

मग आलं कालातायुद.

स्पेनमधला हा डोंगराळ मुलूख. तिथल्या एका घराण्याची वाइन कुलकर्णींनी पहिल्यांदाच मागवली होती आणि तिच्यावर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. फोटो आले. मी ते पडद्यावर बघत होते आणि मला काही सुचत नव्हतं. तांबूस दगडगोट्यांचा उतार, आणि त्यात गुडघ्याएवढी काळी, पिळवटलेली खोडं. ना तारा, ना खांब. जळक्या लाकडांसारखं दिसत होतं सगळं. कुलकर्णींनी सांगून ठेवलं होतं, "वर्षा, हंड्रेड इयर ओल्ड व्हाइन्स, हाय अल्टिट्यूड, एन्शन्ट सोल. तसं काहीतरी टाक." एन्शन्ट सोल! मी तेही टाकलं असतं. पण पाटील सह्या घ्यायला वर आले होते. पडद्यावर नजर गेली आणि ते जागच्या जागी थांबले.

"ह्या वेली?" ते म्हणाले. "किती वर्सांच्या?"

"काही ऐंशी, काही शंभर."

"खोटं."

"अहो, खरंच. तिकडच्या लोकांनीच पाठवलंय."

पाटलांनी माझी खुर्ची सरळ बाजूला ओढली. मी खुर्चीत असताना! चष्मा कपाळावर चढवून ते फोटोला नाक लावून उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्यात बारा-पंधरा वर्सं झाली की उपटून टाकत्यात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, वर्सातनं दोनदा कात्री. वेलीला म्हातारं व्हायला सवडच न्हाई. आन् ही बया शंभर वर्सं बसलीय दगडात."

"मग एवढं काय त्यात?" मी विचारलं. मला दोन पानं भरायची होती.

त्या दुपारी मला जे कळलं ते माझ्या इंग्रजीत नव्हतं. म्हातारी वेल घड कमी देते, पाटील सांगत होते. तरणी चाळीस देईल, तर ही चार. पण मूळ दगडाच्या फटीतून इतकं खोल गेलेलं असतं, की वरच्या उन्हाळ्या-पावसाळ्याची तिला फारशी पर्वा नसते, आणि जे काही आहे ते सगळं त्या चार घडांत उतरतं. मांडव नाही, कारण मांडवाची गरज नाही. थोटकं ठेवलं की वारा मोडत नाही आणि पानांची सावली आपल्याच बुंध्यावर पडते. मी उंची सांगितली, नऊशे मीटर. "म्हंजी आमच्या गावाच्या वर आन् महाबळेश्वराच्या खाली," त्यांनी लगेच हिशेब लावला. "दिवसा ऊन साखर भरणार. सांज झाली की थंडी पडणार आन् आंबटपणा धरून ठेवणार. आमच्याकडं पौषात गारवा असला की मणी कसा टणक ऱ्हातो, तसं. निस्त्या उन्हात साखर चढती, पण आंबटपणा पळून जातो, आन् मग खायचा तो गुळाचा खडा. गोड तर गाढवालाबी कळतंय, मॅडम."

बहारीनमध्ये सगळ्यात उंच चढ म्हणजे मॉलच्या पार्किंगचा तिसरा मजला. इथे बसून उंचीवर लिहिणारी मी आणि विकणारे कुलकर्णी! पण ती दोन पानं मी मन लावून लिहिली. पाटील म्हणाले तसंच लिहिलं, घोड्याचं खोगीर न घालता. त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "हे पान मी खाली घालणार न्हाई." पाटलांच्या तोंडून एवढं म्हणजे मला साहित्य परिषदेचं पारितोषिक मिळाल्यासारखं वाटलं. त्या कौतुकानेच माझा घात केला. आता तोही सांगते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका मोठ्या हॉटेलात या वाइनचा कार्यक्रम ठरला. मळ्याची मालकीण स्वतः स्पेनहून येणार होती. थंड कंटेनर मिळायला तीन आठवडे थांबावं लागणार होतं, तेव्हा कुलकर्णींनी साध्या कंटेनरमध्ये माल मागवला. उष्णता अडवायला आतून चंदेरी कापड लावलंय म्हणे! ऑगस्टमध्ये! तो बंदरावर उतरला आणि नेमक्या लागून सुट्ट्या आल्या. कागद अडकले. तीन दिवस कंटेनर उघड्या यार्डात तापत उभा. ज्यांनी आमच्याकडचा ऑगस्ट पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते, की त्या महिन्यात नळाच्या थंड पाण्याने हात भाजतात.

कंटेनर गोदामाला लागला तेव्हा पाटलांनी पहिला प्रश्न ट्रेलरच्या ड्रायव्हरला विचारला, "भाई, यार्ड में धूप किस साइड से आता था?" ड्रायव्हरने उजवी बाजू दाखवली. दार उघडलं. कुलकर्णींनी समोरच्या खालच्या पेटीतून बाटली काढली, तिथेच उघडली, फिरवली, चंबू केला. "ब्यूटिफुल!" मलाही प्यायला दिली. चांगलीच होती.

पाटील तोवर शिडी लावून वर चढले होते. उजव्या भिंतीला लागून, अगदी छताखालची पेटी त्यांनी ओढली.

त्यांच्या गावात द्राक्षाचा व्यापारी बागेत आला की घडाच्या शेंड्याचा मणी तोडून खातो. खांद्याकडचे मणी आधी पिकतात, शेंडा सगळ्यात शेवटी. शेंडा गोड लागला तरच बाग तयार. नवखा माणूस वरचा टपोरा मणी खातो आणि फसतो. पाटील गोदामात हीच रीत पाळत. ज्या जागी माल सगळ्यात जास्त सोसतो, ती जागा आधी बघायची. "साहेबानं खांद्याचा मणी खाल्ला," ते वरून मला म्हणाले.

खाली आणलेल्या बाटलीचं बूच जाड पुठ्ठ्याएवढं वर आलेलं होतं. टोपीखाली चिकट ओघळ. पाटलांनी बूच काढलं आणि बाटली माझ्या नाकाशी धरली. शिजवलेल्या बेदाण्याचा वास. मलासुद्धा कळला, म्हणजे बघा.

"वरच्या दोन वळी आन् ही उजवी बाजू पुरी गेली," पाटील म्हणाले. "तिसरा हिस्सा. त्या लोकांनी शंभर वर्सं थंडीत राखलं, ते आपण तीन दिसात शिजवलं. बाजूला काढतो, कळवा त्यास्नी."

कुलकर्णी म्हणाले, कार्यक्रम दहा दिवसांवर आहे, वेगळं काढणं नाही, कळवणं नाही. पाटलांनी फक्त 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' म्हणून सही करायची.

"न्हाई करत," पाटील म्हणाले.

"पाटील, ऑक्टोबरमध्ये तुमचा व्हिसा रिन्यू व्हायचाय ना?"

"व्हय."

"या वयात दुसरा स्पॉन्सर मिळत नाही हो कुणाला."

"ऑक्टोबरात बगू," म्हणून पाटलांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि शिडी उचलून ते निघून गेले. मला वाटलं, टाळी वाजवावी. वाजवली नाही अर्थात.

तासाभराने कुलकर्णी माझ्या टेबलाशी आले. "वर्षा, सिस्टिममध्ये तुझं लॉगिन चालतं. ॲप्रूव्ह करून टाक ना. नाहीतर इव्हेंट कॅन्सल. तुझी ती दोन पानं छापून आलीत, काय सुंदर झालीत गं!"

आणि मी केलं. व्हिसाचा धाक मला नव्हता, मी नवऱ्याच्या व्हिसावर होते. मला फक्त माझी दोन पानं लोकांच्या हातात बघायची होती. कार्यक्रम रद्द झाला असता तर ती रद्दीत गेली असती. एवढ्यासाठी! एका क्लिकमध्ये झालं. पाटलांना हे कळल्यावाचून राहिलं नाही. पावतीवर माझं नाव छापून आलं होतं. हॉटेलात जाणाऱ्या पेट्या त्यांनी मुकाट्याने ट्रकमध्ये चढवल्या.

हॉटेलात त्या संध्याकाळी काय थाट होता! सूट, अत्तर, मेणबत्त्या. आमची बँकवाली मंडळी हातात माझी पानं धरून त्यातली वाक्यं एकमेकांना ऐकवत होती. एकाने शिजलेल्या बाटलीतला घोट घेऊन डोळे मिटले आणि "अल्टिट्यूड जाणवतो हं," असं सांगितलं. अल्टिट्यूड! मेल्याला समोरचं ताट जाणवत नव्हतं.

मळ्याची मालकीण साठीची, उन्हाने रापलेली, नखांत माती असलेली बाई होती. तिने पेला फिरवला नाही. नाकाजवळ नेला, खाली ठेवला आणि त्यावर तळहात झाकला, मेलेल्या माणसाचे डोळे मिटावेत तसा. मग साध्या इंग्रजीत विचारलं, "हा माल उतरवून कुणी घेतला?"

"आमचा स्टोअरकीपर," कुलकर्णी लगेच म्हणाले. "पाटील. व्हेरी सॉरी मॅम, वुई विल टेक ॲक्शन."

मी दोन पावलांवर उभी होते. हातात माझ्या पानांचा गठ्ठा. माझी जीभ टाळूला चिकटली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. जीभ मोकळी होती. मी बोलले नाही, बस्स.

दुसऱ्या दिवशी कुलकर्णींनी पाटलांना ऑफिसात बोलावलं तेव्हा मीही तिथेच होते. ती पावती दाखवायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कुलकर्णींना म्हणाले, "खलास म्हणा की. कशाला भाषण करताय?" व्हिसा रिन्यू झाला नाही. एकवीस वर्षं तिथे काढलेला माणूस तीन आठवड्यांत गावी निघाला.

विमानतळावर मी सोडायला गेले. उम्म अल हस्सम वस्तीतल्या त्यांच्या खोलीतून दोन बॅगा निघाल्या, बाकी काही नाही. वाटेत मी शब्द जुळवत होते. शेवटी पार्किंगमध्ये गाडी थांबवून म्हटलं, "पाटील, तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. तुमचे उपकार मी आयुष्यभर..."

"गप बसा!" पाटील ओरडलेच. ते कुणावर ओरडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. "उपकार? तुमच्यासाठी गप बसलो व्हय मी? मला माझीच लाज वाटत हुती. सही केली न्हाई म्हणून मी लई ताठ्यात हिंडत हुतो. आन् पेट्या? पेट्या कुणी चढवल्या ट्रकात? ह्या हातांनी. येक येक. बूच वर आलेलं दिसत हुतं मला. तुमाला तर कायच कळत न्हाई, तुमी दाबलं बटण. मला कळत हुतं!"

"पण तुम्ही एकटे काय करणार होता?"

"दारात आडवं पडायचं. बाकी काय? सही न करणं लई सोपं असतंय, मॅडम. हात स्वच्छ ऱ्हात्यात आन् माल जातो तो जातोच."

बॅगा त्यांनीच उतरवल्या. मला हात लावू दिला नाही. आत जाताना वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या स्पेनच्या बाईंना ईमेल लिहिलं. सही माझी होती, पाटलांनी नकार दिला होता, सगळं. आयुष्यातलं माझं सर्वांत साधं इंग्रजी. बाईंनी कंपनीला जाब विचारला, कंपनीने कळवलं की खराब माल नष्ट केला आहे. कुलकर्णी मला "तुला वेड लागलंय" म्हणाले, आणि मला एक वॉर्निंग लेटर मिळालं. मला ते लेटर मेडलसारखं वाटलं, हे कबूल करते. मी तासगावला फोन लावला. मागून कात्र्यांचा कटकट आवाज येत होता, गोडी छाटणी चालू असणार. मी सगळं रंगवून सांगितलं. मला शाबासकी हवी होती, दुसरं काय?

पाटलांनी ऐकून घेतलं. "त्या शिजलेल्या पेट्या कुठं हायत आता?" त्यांनी विचारलं.

"उरलेल्या सगळ्या गोदामातच आहेत. नष्ट वगैरे काही केलं नाही. कुलकर्णी म्हणतात, संत्र्याच्या फोडी घालून सांग्रिया म्हणून हॉटेलांना खपवू. परवा पहिला ट्रक आहे."

"मग?" पाटील म्हणाले, आणि फोन ठेवला.

इतका राग आला मला त्या माणसाचा! इतकं सगळं केलं, आणि हा विचारतो, मग?

ट्रक सकाळी साडेसहाला लागायचा होता. त्या दिवशी सहा वाजता मी मीना सलमानला पोचले, गोदामाच्या शटरला चिकटून गाडी आडवी उभी केली, इंजिन बंद केलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मग कुलकर्णींना फोन लावला.